आतली वही

पोकळीबद्दल आपल्याला कोणी काही शिकवायची गरज नाही, असं थर्मासताईला निदान पहिल्या दिवशी तरी वाटलं होतं. आणि का वाटू नये? चौदा वर्षं थर्मासच्या कारखान्यात काढलेली बाई ती. काचेच्या दुहेरी बाटलीतली हवा पंपाने उपसायची, खालची काचेची शेपटी ज्योतीवर वितळवून बंद करायची, की झाली बाटली तयार. लोकांचा सकाळचा चहा संध्याकाळपर्यंत गरम राहतो तो आपल्यामुळे, असं ती चारचौघांत सांगायचीसुद्धा. चाळिशी ओलांडल्यावर कारखान्याला रामराम ठोकून ती विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गात येऊन बसली, तेव्हा वर्गातल्या पोरांनी तिचं नाव थर्मासताई ठेवलं. तिला ते आवडलं, खोटं कशाला बोला.

अभ्यासक्रम होता प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञांचा. म्हणजे शास्त्रज्ञ होण्याचा नव्हे; शास्त्रज्ञांना जे यंत्र लागतं ते उभं करण्याचा. पहिलं वर्ष वर्ग, लेखी परीक्षा, आणि आपल्या निम्म्या वयाच्या मुलांच्या मांडीला मांडी लावून बसणं. दुसऱ्या वर्षी पुस्तकं मिटायची आणि एक यंत्र स्वतःच्या हातांनी बांधायचं. ठरल्या दिवशी बाहेरून परीक्षक येणार आणि एकच प्रश्न विचारणार: चालतंय का? चालत असेल तर पदवी. नसेल तर 'अपूर्ण' असा शेरा, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीबरोबर पुन्हा. थर्मासताईला पुढचं वर्ष परवडणारं नव्हतं. ज्या प्रयोगशाळेत ती यंत्र बांधत होती, तिथेच तंत्रज्ञाची एक कायमची जागा उन्हाळ्यात भरायची होती, आणि तिच्यासाठी ही पदवी लागत होती. त्या जागेवर तिचा डोळा होता. डोळा कसला, जीवच जडला होता तिचा त्या खोलीवर.

त्याला कारण वर्कशॉपचे काका. छत्तीस वर्षं वेल्डिंग केलेले, उन्हाळ्यात निवृत्त होणारे, हाताचे पंजे फावड्याएवढे आणि बोलणं मात्र हळू. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांनी तिला यंत्राचं चेंबर दाखवलं. मोठ्या कलिंगडाएवढा स्टीलचा गोल डबा, चारी बाजूंना नळ्या, आणि पुढच्या बाजूला एक काचेची खिडकी बसवायला मोकळं सोडलेलं तोंड.

"थर्मासमधली हवा काढली की आत काय उरतं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," ती झोकात म्हणाली.

काका हसले. "अगं पोरी, थर्मासमध्ये बाजार भरलेला असतो. तिथला एक कण निघाला, की हातभर जातो न जातो तोच दुसऱ्याला धडकतो. आणि हा डबा आपल्याला हवा तेवढा रिकामा झाला ना, तर एका कणाला दुसरा भेटायला सहा हजार किलोमीटर जावं लागेल."

"एवढ्याशा डब्यात?"

"भिंतींना आपटत आपटत. पण दुसरा भेटेपर्यंत, सहा हजार."

थर्मासताईने त्या तोंडातून आत वाकून पाहिलं. आत चकचकीत स्टील होतं आणि तिचंच वाकडंतिकडं तोंड. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. चौदा वर्षं आपण जिला पोकळी म्हणत होतो ती पोकळी नव्हतीच! आणि खरी पोकळी या डब्यात येणार होती, तिच्या हातून. मग त्या पोकळीत बेरियम नावाच्या धातूचा एक अणू अधांतरी धरून ठेवायचा, त्याच्यावर लेसरचा उजेड टाकायचा, आणि तो चमकला की डोळ्यांनी बघायचा. एक अणू. डोळ्यांनी. त्या दिवशी ती घरी गेली ती तरंगतच.

घरी आई आणि आईचं शिलाई मशीन. आईने उभी हयात कपडे शिवण्यात घालवली होती, आणि आता एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला तरी मशीन सोडवत नव्हतं.

"काय करतेस गं तिथं दिवसभर?"

"एक डबा रिकामा करते."

"मग त्याला विद्यापीठ कशाला हवं? आपलं कपाट उघड की. तीन वर्षं सांगतेय." आईने पायडल थांबवलं. "म्हणजे रिकामटेकडेपणाचीसुद्धा पदवी निघाली म्हणायची!"

प्रयोगशाळा मॅडमची. मॅडम थर्मासताईपेक्षा तीन-चार वर्षांनी लहानच, पण शिस्त अशी की भिंतीवरचं घड्याळसुद्धा त्यांना बघून नीट चालावं. त्यांच्या खोलीत एक जाडजूड वही होती, तिला सगळे 'आतली वही' म्हणायचे. चेंबरच्या आत जे जे जाणार ते आधी या वहीत जायचं. काय, किती नग, कधी धुतलं, आणि शेवटी 'तपासले' असं लिहून सही.

"सही ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय त्याचीच," मॅडमनी बजावलं होतं. "ऐकीव सही नको, अंदाजाची सही नको. झाकण एकदा बसलं की आत काय आहे ते सांगणारं या वहीशिवाय कोणी नाही."

आता स्क्रूची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं रामायण त्या स्क्रूंवरून झालं.

अणूला धरून ठेवणारा जो सापळा, तो चेंबरच्या आत आठ छोट्या स्क्रूंनी बसवायचा होता. स्क्रू ज्या भोकांत जातात ती आरपार नसतात, त्यांना बूड असतं. स्क्रू आवळला की बुडाशी मोहरीएवढी हवा कोंडली जाते. तुम्ही म्हणाल, मोहरीएवढ्या हवेने काय होतंय? पण तीच हवा आट्यांच्या फटीतून महिनोन्‌महिने झिरपत राहते, पंप उपसत बसतो, आणि संपता संपत नाही. म्हणून या कामाचे स्क्रू मधोमध, लांबीत, आरपार भोक पाडलेले लागतात. भोकातून ती हवा पहिल्याच दिवशी निघून जाते आणि कटकट मिटते.

थर्मासताईने ते आठ स्क्रू स्वतः केले. लेथवर, केसाएवढ्या ड्रिलने, श्वास रोखून. सहा झाले आणि ड्रिल मोडलं. तिने नवं लावलं आणि उरलेले दोन केले. मग खिडकीशी गेली आणि एकेक स्क्रू उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहू लागली. भोक आरपार असलं की आतून उजेडाचा एक ठिपका दिसायचा, सुईच्या टोकाएवढा. पहिला ठिपका दिसला तेव्हा तिला इतकं नवल वाटलं की ती एकटीच हसली. स्टीलच्या पोटातून आभाळ दिसत होतं! दुसरा, तिसरा, चौथा. सहावा पाहून झाला आणि फोन वाजला.

दवाखान्यातून होता. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दुपारी होतं, ते दोन तास अलीकडे घेतलं होतं. कागदांवर मुलीची सही हवी, लगेच या.

उरलेले दोन स्क्रू तिने हातात घेतले. वरून भोक दिसत होतं. एकाच हाताने, एकाच लेथवर केलेले आठ. सहा चांगले, तर दोन वाईट कसे असतील? तिने आठही स्क्रू धुवायच्या भांड्यात टाकले, वही ओढली, लिहिलं: 'पोकळ स्क्रू, आठ. तपासले.' सही केली आणि धावत सुटली.

ऑपरेशन छान झालं. त्या आनंदात बाकीचं सगळं तिच्या डोक्यातून पार पुसलं गेलं.

पुढच्या आठवड्यात काकांनी चेंबरची खिडकी वेल्ड केली. तो टाका बघायला लेसरवालासुद्धा आला. लेसरवाला म्हणजे मॅडमकडे डॉक्टरेट करणारा, सदा विस्कटलेल्या केसांचा मुलगा. एरवी लेसर सोडून त्याला जगाचा पत्ता नसायचा. काकांनी मुखवटा खाली ओढला, निळी ठिणगी पेटली, आणि ते मोठे हात असे फिरले की जणू बाळाला टोपडं घालतायत. टाका झाला. सगळीकडून सारखा, एकामागोमाग एक खवले.

"शेवटचाच," काका मुखवटा वर करून म्हणाले. "यानंतर आता घरचं गेट." आणि सगळे हसले.

थर्मासताईने सापळा आत बसवला, मागचं झाकण आवळलं आणि चेंबर बंद झालं. त्याला तापवायच्या पट्ट्या गुंडाळल्या, वरून चमचमता कागद, आणि दोन आठवडे ते दोनशे अंशांवर भाजत ठेवलं, म्हणजे भिंतींना चिकटलेला ओलावासुद्धा सुटून बाहेर पडावा. मग थंड होऊ दिलं. त्या दिवसांत थर्मासताई जेवतानासुद्धा दाब मोजणाऱ्या गेजचा आकडा आठवायची. दाब घसरत होता. दशांश चिन्हापुढची शून्यं एकेक करून वाढत होती. पाच, सहा, सात. थर्मास कधीच मागे पडला होता. प्रत्येक शून्याबरोबर आतली पोकळी दहापट मोठी होत होती आणि डबा मात्र तेवढाच होता. ती खिडकीसमोर उभी राहायची आणि हळू बोलायची, उगाच, आत कोणी झोपलं असावं तशी.

आठवं शून्य आलं आणि गाडं अडलं.

हवी होती दहा शून्यं. दहा आल्याशिवाय बेरियमची आतली भट्टी पेटवायची नाही, हा मॅडमचा दंडक. आठवर आकडा जो बसला तो हलायचं नाव घेईना. दिवस गेले, आठवडा गेला. गळती शोधायला हेलियमची नळी घेऊन थर्मासताईने प्रत्येक सांध्यावर फुंकर घातली. कुठे फट असेल तर हेलियम आत शिरतो आणि यंत्र ओरडतं. यंत्र हूं की चूं करेना. आत कोणता वायू आहे ते दाखवणारं दुसरं यंत्र मात्र ठणकावून सांगत होतं: आत हवा आहे. आपली, रोजची, श्वासाची हवा.

"बाहेरून येत नाही आणि आत आहे! भुताटकीच झाली," लेसरवाला म्हणाला.

मॅडमनी दोन दिवस विचार केला आणि सगळ्यांना बोलावलं. "बाकीचे सांधे आपण तीनदा तपासलेत. उरतो खिडकीचा वेल्ड. एखादी केसासारखी भेग असेल, कधी उघडणारी, कधी मिटणारी. हेलियमला चुकवू शकते ती." मग थर्मासताईकडे वळून त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका. दोष वर्कशॉपचा असेल तर विद्यार्थ्याला तीन महिने मुदत वाढवून मिळते, तसा नियमच आहे. विद्यार्थ्याचा असता तर एक दिवससुद्धा मिळाला नसता. उद्या खिडकी कापू आणि बाहेरून नवी वेल्ड करून घेऊ."

थर्मासताईचा जीव भांड्यात पडला. तीन महिने! म्हणजे पदवी हातची जात नाही, जागाही जात नाही. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि मग तिची नजर काकांकडे गेली.

काका चेंबरजवळ उभे होते. आपल्या टाक्यावरून एक जाड बोट गोल फिरवत होते, पुन्हा पुन्हा.

"असेल बुवा," ते म्हणाले. "डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

छत्तीस वर्षांनंतर माणसाने असं बोलावं, हे ऐकून तिला कसंतरीच झालं. पण तेवढंच. मनात दुसरं काही नव्हतं तिच्या, आईशप्पथ.

संध्याकाळी घरी आली तर आई दारात उजेडाला बसून सुईत दोरा ओवत होती. पट्टी निघून तीन आठवडे झाले होते. सुई वर धरलेली, एक डोळा मिटलेला.

"दिसतं गं आता भोक," आई म्हणाली, लहान पोरीसारखी खूश होऊन. "आरपार दिसतं. गेली दोन वर्षं नुसती अंदाजाने ओवत होते, आणि तू विचारलंस की म्हणत होते, दिसतंय, दिसतंय!"

थर्मासताई चप्पल काढता काढता तशीच थांबली. तिला ती खिडकी आठवली, उजेडाकडे धरलेला स्क्रू, एक मिटलेला डोळा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि मग फोन. ड्रिल सहाव्यानंतर मोडलं होतं. नवं लावलं होतं, ते जुन्याएवढंच लांब होतं का? तिने मापलं नव्हतं. वरून भोक दिसलं आणि तिने लिहून टाकलं, तपासले.

"आई," ती म्हणाली, "कपडा शिवून झाला, आणि आतली एखादी शिवण चुकली असेल असं नुसतं वाटलं, तर काय करायचं?"

"वाटलं ना? मग उसवायचं."

"आणि उसवून बघितल्यावर चुकलेली नसली तर?"

"तर पुन्हा शिवायचं. उसवायला कसली लाज?"

"आणि गिऱ्हाईक दारात उभं असेल तर?"

"त्याला चहा द्यायचा," आई म्हणाली आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. मग मुलीचं तोंड बघून म्हणाली, "काय गं? काय करून आलीस?"

रात्रभर तिने स्वतःशी वाद घातला. ते दोन्ही स्क्रू चांगलेच असतील. वेल्डच फुटला असेल. काका तर निवृत्तच होतायत, त्यांचं काय बिघडणार आहे? हे शेवटचं वाक्य मनात आलं तेव्हा तिला स्वतःची इतकी किळस आली की ती उठून बसली.

सकाळी ती प्रयोगशाळेत पोचली तेव्हा काका ग्राइंडर घेऊन तयार होते. खिडकीभोवती खडूने रेघ मारून झाली होती.

"थांबा," ती म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "वेल्ड कापू नका. चेंबर मागून, माझ्या झाकणाच्या बाजूने उघडा. आठ स्क्रूंपैकी मी सहाच तपासले होते."

मॅडमनी वही उघडली. "इथे आठ लिहिलंय. सही तुमची आहे."

"हो. ती सही खोटी आहे."

"त्या दोन स्क्रूंमध्ये दोष आहे, याची खात्री आहे तुम्हाला?"

"नाही ना. खात्री नाही, तेच तर सांगतेय."

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाल्या, "परीक्षा एकवीस दिवसांवर आहे. चेंबर उघडलं की पुन्हा धुणं, पुन्हा भाजणं. दोष तुमचा निघाला तर मुदत मिळणार नाही. स्क्रू चांगले निघाले तरी हे दिवस गेलेच."

"माहीत आहे."

"ताई, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" लेसरवाला पुटपुटला. काकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, ग्राइंडर खाली ठेवला आणि बटण नव्हे, प्लगच काढून टाकला.

चेंबर उघडलं. थर्मासताईने हातमोजे घालून एकेक स्क्रू काढला आणि खोलीच्या खिडकीशी जाऊन उजेडाकडे धरला. ठिपका. ठिपका. एका स्क्रूत तिने दोनदा पाहिलं, पण त्यातही ठिपका होता. सात झाले. आठवा धरला.

अंधार.

तिने तो फिरवला, डोळा बदलला, दुसऱ्या खिडकीशी नेला. स्क्रूच्या पोटात काळंकुट्ट होतं. नवं ड्रिल एकात जेमतेम आरपार गेलं होतं, यात तळाशी पोचलंच नव्हतं. तिने तो काकांच्या हातावर ठेवला. त्यांनी पाहिला, बराच वेळ पाहिला. मग स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

"माझा टाका बरा आहे म्हणायचा," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

थर्मासताईला रडू फुटलं. लाजेचं की सुटल्याचं, तिचं तिलाच कळेना. रडतच तिने वही घेतली, जुनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'सहा तपासले होते, आठ लिहिले. एक बंद निघाला. चूक माझी.' त्याखाली सही केली, आणि ही सही पहिल्यापेक्षा सावकाश केली.

नवा स्क्रू, नवं धुणं, आणि भाजायला चौदाऐवजी जेमतेम नऊ दिवस. आकडा या वेळी आठ शून्यांवर थांबला नाही, पण त्याला घाई कुठली? परीक्षेच्या सकाळी नऊ शून्यं आणि पुढे तीनचा आकडा. दहावं शून्य हाकेच्या अंतरावर, आणि येत नव्हतं.

परीक्षक म्हातारे, सौम्य गृहस्थ. त्यांनी चेंबर पाहिलं, आतली वही पहिल्या पानापासून वाचली, एका पानावर थांबले आणि ते पान दोनदा वाचलं. मग विचारलं, "चालतंय का?"

"अजून नाही," थर्मासताई म्हणाली.

त्यांनी 'अपूर्ण' लिहिलं. जाताना दारात म्हणाले, "वही चांगली ठेवलीय," आणि गेले. उन्हाळ्यातली जागा गेली. मॅडमनी खोटा धीर दिला नाही, पुढच्या वर्षी बघू असंही म्हणाल्या नाहीत. फक्त सांगितलं, "यंत्र बंद करायचं नाही," आणि थर्मासताईला ते सगळ्यात बरं वाटलं.

पाचव्या दिवशी दुपारी दहावं शून्य आलं.

काकांचा तो नोकरीतला शेवटचा आठवडा. आईलाही आणलं होतं. "एवढं घर सोडून काय रिकामं करून ठेवलंय ते बघू तरी दे" म्हणून ती हटूनच बसली होती. भर दुपारी खोलीचे काळे पडदे ओढले. लेसरवाल्याने भट्टी पेटवली, बेरियमची चिमूटभर वाफ उठली, आणि सगळे गप्प बसून राहिले. दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. अंधारात कोणाचं तरी पोट गुरगुरलं आणि आई म्हणाली, "मी नव्हे."

मग लेसरवाला म्हणाला, "आला."

एवढंच. मॅडम पुढे झाल्या, खिडकीसमोरच्या दुर्बिणीला डोळा लावला, आणि घड्याळाला धाक लावणाऱ्या त्या बाईने तोंडावर हात धरला. मग काका. ते वाकले आणि तसेच राहिले. स्वतःच्या टाक्याने धरलेल्या काचेतून बघत राहिले, आणि उठले तेव्हा त्यांनी थर्मासताईला पुढे केलं.

तिने डोळा लावला. आधी नुसता काळोख. मग काळोखाच्या मधोमध एक निळसर हिरवा ठिपका, सुईच्या टोकाहून लहान, जराही न हलता. वर काही नाही, खाली काही नाही, त्याला धरलेलं काही दिसत नाही. आजूबाजूला ती पोकळी, जिच्यात हजारो किलोमीटर कोणी कोणाला भेटत नाही. आणि तो एकटा तिथे राहून उजेड देत होता. ज्याच्यापासून डोंगर झाले, माणसं झाली, तिचे हात झाले, त्यातला हा एक दाणा, सुटा. आणि त्याचा उजेड तिच्याकडे येत होता, तिच्या डोळ्यात शिरत होता! गेलेलं वर्ष, गेलेली जागा, सगळं तिला आठवलं आणि त्या क्षणी ते तिला दुखलं नाही.

"सर गं बाजूला, मला बघू दे," आई म्हणाली. तिने ऑपरेशनचा डोळा लावला, दुसरा मिटला, सुई ओवताना मिटायची तसा. बराच वेळ गेला.

"अगं बाई," आई म्हणाली, अगदी हळू. "निळा आहे. या डोळ्याला आताशा निळा रंग कसा धुतल्यासारखा दिसतो." आणि मग, "एकटाच आहे का गं?"

"हो."

"किती वेळ राहील?"

"आत दुसरं कोणी येऊन धडकत नाही तोवर."

"मग राहू दे त्याला. छान आहे."

मॅडमनी टेबलावरचा मिणमिणता दिवा लावला आणि आतली वही थर्मासताईपुढे सरकवली. "आत गेलेलं सगळं यात जायला हवं," त्या म्हणाल्या.

थर्मासताईने पेन उघडलं. आठ स्क्रूंच्या, सापळ्याच्या, तारांच्या खाली, खोडलेल्या ओळीच्या आणि कबुलीच्या खाली, तिने लिहिलं: 'बेरियमचा अणू, एक.' पुढे 'तपासले' लिहायला पेन टेकवलं आणि थांबली.

"काय झालं ताई?" लेसरवाल्याने विचारलं. "आत्ताच तर पाहिलात!"

"तो मघाशी. आत्ता आहे का, ते बघून लिहिते," ती म्हणाली. पेन ठेवून उठली, अंधारात चाचपडत दुर्बिणीपाशी गेली, एक डोळा मिटला. काळोखात तो होता. एकच होता. तिने मनात मोजला, एक, आणि मोजून झाल्यावरही तिला तिथून हलवेना.

"नीट बघितलास ना?" मागून आईने विचारलं.

"बघितला."

"मग कर सही."

ती परत आली. 'तपासले,' तिने लिहिलं, आणि सही केली.